चीक आणि पिवळ्या रेघा

११ नोव्हेंबर, मंगळवार

ही डायरी जानेवारीत दुधाची फॅट मोजायच्या मशिनच्या डीलरनं दिली होती. तेव्हापासून कोरीच पडून होती. आज उघडली, कारण जे बोलावंसं वाटतंय ते ऑफिसात बोललो तर माणसं सोडून जातील आणि घरात बोललो तर द्वारका जेवायला वाढणार नाही.

सकाळी दात घासत होतो, तेवढ्यात तात्यांचा फोन. तात्या म्हणजे इंदापूरकडच्या दूध संघाचे मॅनेजर. आमच्या सॉफ्टवेअरची बाकी सगळी गिऱ्हाइकं एका पारड्यात आणि संघ एकटा दुसऱ्या पारड्यात. संघ गेला तर बारामतीतल्या या ऑफिसला कुलूप.

"बिरूशेठ, निमगावला ट्यांकर हुबा हाय."

"का हो?"

"तुमचा कंप्युटर पास दीना. सकाळचं दूध घेऊन झालं, बंदचं बटण दाबलं, का पडदा गायब. आन् म्हणतोय, 'काहीतरी चुकले, बिरूशेठना फोन करा'. म्हणून केला फोन."

तो संदेश मीच टाकलाय. इंग्रजी एरर आली की दूध गोळा करणाऱ्या सेंटरचे सेक्रेटरी लोक घाबरून प्लगच उपटायचे. म्हणून कुठलीही एरर आली तरी तेवढंच दाखवायचं अशी सोय केली.

पास म्हणजे टँकरचा. सेंटरवरच्या सगळ्या दुधाची सरासरी फॅट काढून मशीन पास छापतं. पास नाही तर टँकर हलत नाही, आणि टँकर हलला नाही तर दूध तापतं. ही पासची सोय मागच्याच महिन्यात दिली. लिहिली अनयनं, माझ्या भाच्यानं, आमच्या बाकी प्रोग्रॅमसारखी जावा भाषेत.

निमगावला पोचेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी जीव काढला. तोवर हातानं पास लिहून टँकर गेलेला. मी दोन-चार खोटे आकडे भरून प्रोग्रॅम चालवून बघितला, तर गुमान चालला! सेक्रेटरी म्हणाले, "आलाच हाय तर खरवस खाऊन जा. म्हैस व्यालीय घरची." खाल्ला. बरा होता, वेलदोडा जास्त.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज लासुर्ण्याकडचं एक सेंटर. तोच प्रकार. निमगाव आज ठणठणीत.

मी डाळजचा. प्रोग्रॅमच्या आधी फॅट मशिनं दुरुस्त करत फिरायचो. मोटारीचा आवाज ऐकून सांगायचो, पट्टा सुटलाय का बेअरिंग गेलंय. हा बिघाड आवाजच करत नाही. आज इथं, उद्या तिथं, भुतासारखा.

तिथंही गोठ्यात गाय व्यालेली. कालवड झाली म्हणून माणसं खुशीत, कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. उलट खरवसाच्या दोन वड्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अनयच्या शेजारी बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अबोलीनं आज डोकं खाल्लं. पोरगी हुशार, वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, वडील तिथंच मशिन शॉपला. मापात काटेकोर असायची घरातूनच सवय. म्हणाली, "सर, ही ओळ बघा. तुम्ही नुसतं 'लिस्ट' लिहिलंय. कशाची लिस्ट?"

"फॅटची. नावच फॅटलिस्ट आहे की."

"नाव माणसं वाचतात, जावा वाचत नाही. लिस्टच्या पुढं टोकदार कंसात लिहायचं, हिच्यात काय येणार ते. मग दुसरं काही टाकायला गेलं की प्रोग्रॅम बनतानाच अडवेल, इथं ऑफिसात. कंस नाही म्हणजे ती नुसती गोणी झाली. ज्वारी भरा, खिळे भरा, ती काही बोलत नाही."

"चौदा वर्षं नाही बोलली. चांगल्या माणसाचं लक्षण आहे."

"बोलत होती सर. तुम्ही गप्प बसवलीय. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ओळ आहे, वॉर्निंग दाखवू नकोस म्हणून."

आहेच ती ओळ. त्याचं कारण तिला काय माहीत. पहिला प्रोग्रॅम संघाला दाखवायला गेलो, तेव्हा स्क्रीनवर कोड उघडा राहिला. ओळीओळीखाली वॉर्निंगच्या पिवळ्या रेघा. तेव्हाचे चेअरमन म्हणाले, "बिरू, ह्याला कावीळ झालीय का रं?" सगळी बॉडी, म्हणजे संचालक मंडळ, हसली. घरी येऊन पहिलं काम केलं ते पिवळं घालवायचं.

तिला म्हटलं, आग लागलीय आणि तू भिंतीला रंग कुठला ते विचारतेस. गेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तात्या स्वतः ऑफिसात आले. चहा घेतला नाही. तात्या कधी चहा नाकारत नाहीत.

"बिरूशेठ, आज आणिक दोन ठिकाणी. म्या काय सांगू बॉडीला? एक तारखेला पुण्याची कंपनी येत्या त्यांचं सॉफ्टवेअर दाखवाया. तवर सरळ झालं तर तुमी, न्हायतर ती. ह्ये पासचं कुणी लिवलं?"

मी अनयकडं बोट दाखवलं. "ह्यानं. बहिणीचा पोरगा आहे म्हणून घेतला. माझ्या हातचं असतं तर असं झालं नसतं."

अनयचे कान लाल झाले. चूक कबूल असली की माणूस गप्प बसतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अनय आला नाही. ताप आलाय म्हणे. ऐन वेळेला ताप!

माझ्या केबिनला प्लायवूडची फळी आहे. माझे कान लहानपणापासून तिखट, पलीकडचं पान उलटलेलंही कळतं. अबोली फोनवर हळू बोलत होती.

"नको रे, लगेच राजीनामा नको... अरे, लिस्टचं नाव फॅट, तू आकडे समजलास, कुणीही तेच समजलं असतं... हो, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?"

मांजर कोण ते नीट कळलं नाही. बहुधा तात्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अबोलीनं माझ्या संदेशाच्या मागं खरी एरर लिहून ठेवायची सोय केली. न विचारता. रागवायला गेलो, तर तिनं आज सकाळचीच एरर पुढं धरली.

"जिथं आकडा पाहिजे तिथं शब्द आलाय, सर. फॅटच्या लिस्टमध्ये."

"कुठला शब्द?"

"ते ही एरर सांगत नाही."

"फॅट काय शब्दात मोजतात का कुणी? तीन पूर्णांक 'बरी'? चार पूर्णांक 'झकास'?"

ती हसली नाही. म्हणाली, "उद्यापासून जिथं बंद पडेल तिथं त्या दिवशी काय काय भरलं, ते सेक्रेटरींना विचारा ना."

विचारायचं काय? मी रोजच जातोय. रोज खरवस खातोय. द्वारका म्हणते तुमची शुगर तपासा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डाळजला गेलो होतो. आमच्या गावचं सेंटर सरुबाई चालवते. ती मला अजून 'बिऱ्या' म्हणते.

"बस रं बिऱ्या. आमच्या भावकीत गाय व्यालीय, चीक आलाय. खरवस खा आन् मग बघ तुजं मशीन."

बसलो. पहिला घास तोंडात घातला. समोर सरुबाई कॉम्प्युटरवर एका सभासदाचं नाव काढून फॅटच्या रकान्यात एका बोटानं टाइप करत होती. च. ई. क.

घास तोंडातच राहिला.

गाय-म्हैस व्याल्यावर पहिले काही दिवस चीक येतो. डेअरी तो घेत नाही, तो भावकीत नि शेजारीपाजारी वाटायचा. पण त्या दिवसांत सभासदाचा रकाना कोरा राहिला, तर 'रोज दूध घालणारे' या यादीतून त्याचं नाव गळतं. आणि शून्य लिहावं, तर लोकांना तो अपमान वाटतो. म्हणून फॅटच्या जागी 'चीक' लिहायचं. ही सोय मीच दिली, पहिल्या वर्षी, ह्याच सरुबाईनं मागितली म्हणून. सगळ्या सेंटरना मीच शिकवली. म्हणून तर ती लिस्ट मोकळी ठेवली, आकडा येऊ दे, शब्द येऊ दे! माझ्या जुन्या हिशोबात शब्द आला की तेवढा सोडून पुढं जायचं. ते माझ्या डोक्यात आहे.

अनयच्या पासमध्ये ते नाही. त्यानं जे निघेल ते आकडा म्हणून घेतलं. जिथं ज्या दिवशी चीक लिहिला तिथं पास बंद, लिहायचा राहिला त्या दिवशी चालू!

तिथूनच स्पीकर लावून अबोलीला फोन केला. "सापडलं! मी म्हणत नव्हतो, चूक अनयचीच. चीक सोडून द्यायचा, एवढं कळू नये? दर सुट्टीत डाळजला असायचा."

"सर, त्यानं विचारायला हवं होतं का?"

"मग?"

"विचारायचंय हे त्याला कळणार कसं? लिस्टवर कुठं लिहिलंय, की हिच्यात चीकही असतो?"

सरुबाई मागून म्हणाली, "कोण पोरगी हाय रं? बोलती ब्येस."

येताना चिकाची बाटली घेऊन आलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अनयच्या पासमध्ये मीच एक ओळ घातली. शब्द आला की सोडून दे. चहा गार व्हायच्या आत काम झालं. सगळ्या सेंटरवर पाठवली. अबोली म्हणत होती सगळ्या लिस्टा नीट लिहू, आठवडा द्या. आठवडा! हिच्या लिस्टा होईपर्यंत संघ पुण्याच्या पंगतीला जाऊन बसायचा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सगळीकडं पास आले. मी गाडीत गाणं लावलं.

दुपारी तात्या दारात. "पास आला, बिरूशेठ. आता गाईचं-म्हशीचं दूध येगळं दावतो त्यो गाय-म्हैस तक्ता बंद पडला. 'काहीतरी चुकले, बिरूशेठना फोन करा'. ऱ्हाऊ द्या, आता म्या कुनालाच फोन करत न्हाय. एक तारखेला भेटू."

तो तक्ताही पासबरोबरच नवा दिलेला, त्याच लिस्टवरून पासच्या मागून निघतो. अबोलीला विचारलं, ही लिस्ट आणखी कुठं कुठं वापरलीय?

"सर, तेच तर कुणाला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

खोटं नाही. चौदा वर्षांत कुठल्या गल्लीत ती गोणी नेऊन टेकवली, मला आता आठवत नाही. फार चिडलो. कुणावर, ते ठरेना. शेवटी म्हटलं, कर बाई तुझ्या मनासारखं.

२३ नोव्हेंबर, रविवार

द्वारकेनं त्या चिकाचा खरवस केला आणि म्हणाली, "अहो, ताईंकडं देऊन या. अनय आजारी आहे ना." गेलो. दार त्यानंच उघडलं.

"ताप कसाय?"

"उतरला."

"खरवस आणलाय."

"चीक कुठला?"

"डाळजच्या सेंटरचा."

तो हसला. खरवस लहानपणापासून आवडतो त्याला. मग म्हणाला, "मामा, त्या दिवशी तात्यांसमोर तुम्ही..."

"अरे, तात्यांचं मनावर घ्यायचं नाही. तोंडानं फटकळ आहेत."

त्यानं डबा आत नेऊन दिला. बहिणीनं डबा घासून त्यात मूठभर साखर घालून परत दिला. निघताना अनय उद्या ऑफिसला येतो म्हणाला. माणसाला असं घरी जाऊन विचारलं की बरं वाटतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अबोलीनं डोक्यावरची ती ओळ काढली आणि सगळा स्क्रीन पिवळा झाला. हळदीच्या गोदामात उभं राहिल्यासारखं वाटलं. मग तिनं नि अनयनं कंस घालायला सुरुवात केली आणि जिथं कंस घातला तिथून पिवळं जाऊन लाल व्हायला लागलं. पिवळा असला तरी प्रोग्रॅम चालत तरी होता. लाल म्हणजे बनतच नाही.

मी उठून गेलो. "चालत होतं तेही बंद पाडलंत तुम्ही! संघाला काय दाखवू, हे कुंकू?"

अनय खुर्चीतून न उठता म्हणाला, "मामा, एकेक लाल म्हणजे एकेक सेंटर. हे इथं सापडलं नसतं, तर तुम्हाला तिथं जाऊन खरवस खावा लागला असता."

फाजील झालाय. ताप पूर्ण उतरला वाटतं.

त्यांनी 'नमुना' नावाचा नवा प्रकार केलाय. नमुना एकतर तपासलेला, म्हणजे त्याला फॅट आहे, नाहीतर चिकाचा. आता लिस्ट फॅटची नाही, नमुन्यांची, आणि तसं कंसात लिहिलेलं. कुणीही वाचलं की त्याला दोन्ही विचारात घ्यावेच लागतात. मला विचाराल तर चीक हा शब्द पुरेसा होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मीही एक काम घेतलं. बसून बसून मोटार जॅम होते. दुधाची बेरीज करणारं साधं काम. लिहिलं, की दुधाची लिस्ट द्या, बेरीज करतो. कंस घातला, अगदी अबोलीला दाखवून. मग त्याला गाईच्या दुधाची लिस्ट दिली. लाल!

"अरे, गाईचं दूध दूध नाही का?" मी एवढ्या जोरात ओरडलो, की खालचा झेरॉक्सवाला वर आला.

अबोली म्हणाली, "सर, गाईच्या दुधाचा कॅन आहे. त्यावर नुसती 'दूध' अशी चिठ्ठी लावून टँकरवाल्याला दिला. तो त्यात म्हशीचं ओतेल का?"

"ओतेलच. वर मला सांगेल, दूधच तर आहे."

"म्हणून जावा देत नाही. पण तुम्हाला फक्त मोजायचंय, ओतायचं काही नाही. तसं कबूल करायचं. कंसात प्रश्नचिन्ह टाकून लिहायचं, दुधाचा कुठलाही प्रकार चालेल. मग कॅन मोजायला देतं, ओतू देत नाही."

लिहिलं. लाल गेलं. ही गोष्ट मला सेंटरवर उभं राहून कुणालाही समजावता आली असती, आणि ती मला एसीत बसून समजावली जातेय, याचा राग येत राहिला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फळीपलीकडून दिवसभर भांडण. अनयनं कंसात कंस, त्यात आणखी कंस घातले होते, सेंटरवार, दिवसवार, सभासदवार.

अबोली: "हे काय, कांदा आहे का? सोलता सोलता पाणी आलं डोळ्यांत."

अनय: "कंस घाल तूच म्हणालीस ना!"

"तीन कंस झाले की समजायचं, या गोष्टीला स्वतःचं नाव द्यायची वेळ झाली. 'दिवसाचं संकलन' म्हण ना सरळ."

भांडत होते पण टाइपिंग थांबत नव्हतं. मशीन बरं चाललंय की नाही, ते मला आवाजावरून कळतं. संध्याकाळी शेवटची लाल रेघ गेली.

मी म्हटलं, आता पिवळ्या राहिल्या तर राहू देत. दोघं एका आवाजात "नाही" म्हणाले.

१ डिसेंबर, सोमवार. इंदापूर

मी, अबोली नि अनय पोचलो, तर पुण्याचा माणूस आधीच आलेला. कडक इस्त्री, पडद्यावर रंगीत तक्ते. तात्यांनी सेंटरवरची माणसं बोलावली होती, त्यात सरुबाई पुढच्या खुर्चीत. तात्या म्हणाले, "सरुबाई, तुमी चालवून बगा."

पुण्याच्या प्रोग्रॅममध्ये तिनं एका बोटानं फॅटच्या जागी 'चीक' टाइप केलं. पडदा म्हणाला, कृपया अंक भरा.

"मॅडम, तिथं शून्य टाका ना," तो माणूस म्हणाला.

"शून्य? शून्य म्हंजी पानी. व्यालेल्या गाईचं दूध पानी म्हणून लिवू व्हय? तूच जा मग त्या बाईला सांगाया."

सगळे हसले. तो बिचारा वहीत काहीतरी लिहून घेत होता. महिन्याभरात करून देऊ म्हणाला.

आमच्यात 'चीक' असं बटणच आहे. सरुबाईनं दाबलं. मग आणखी पाच-सहा जणांचं दूध भरलं आणि बंदचं बटण दाबलं. पास आला. गाय-म्हैस तक्ता आला. तिनं मुद्दाम आणखी दोघांना चीक दिला. पुन्हा पास आला. तात्यांनी चहा मागवला आणि पहिला कप माझ्यासमोर ठेवला.

"ऱ्हायलं तुमच्याकडंच, बिरूशेठ. पर एक हाय."

"सांगा की तात्या."

"पडद्यावरचा तुमचा नंबर काढा. ह्या पोरीचा न्हायतर त्या पोराचा घाला. तुमी येता, खरवस खाता, 'बगतो' म्हणता आन् जाता. ह्यांनी पंधरवड्यात निस्तरलं."

चौदा वर्षं माझा नंबर होता त्या पडद्यावर. मी हसून हो म्हणालो. येताना जंक्शन गाव लागलं. मग अनय म्हणाला, "मामा, थांबायचं का चहाला?" मी म्हटलं, प्यालोय.

३ डिसेंबर, बुधवार

आता संघाला सुट्ट्यांची यादी हवीय, टँकर कुठल्या दिवशी नाही ते दाखवायला. क्षुल्लक काम. म्हटलं, त्या दोघांना कशाला, मीच करतो.

लिहिलं, लिस्ट. पुढची ओळ लिहायला गेलो तर लाल. पिवळं नाही, लाल! या दोघांनी मशिनला सांगून ठेवलंय, की आता पिवळं दिसलं तरी ते लालच समजायचं, कंसाशिवाय प्रोग्रॅम बनवायचाच नाही. माझ्या ऑफिसात, माझ्या मशिनवर, माझी ओळ अडवली.

डोक्यावर ती जुनी ओळ टाकावी, सगळं गप्प करणारी, म्हणून वर गेलो. टाइप करायला सुरुवात केली. आणि ऐकलं, की फळीपलीकडचं टाइपिंग थांबलंय.

दोघांचंही. खुर्चीसुद्धा करकरत नव्हती. ते ऐकत होते.

फळी दोन्ही बाजूंनी सारखीच पातळ असते, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं. इथं बसून फोनवर मी काय काय बोललोय, तेवढं आठवत बसलो. बहिणीशी अनयबद्दल बोललो तेही. तात्यांशी बोललो तेही. मग ती अर्धी ओळ खोडली.

"अनय," मी फळीकडं तोंड करून म्हटलं, "या लिस्टमध्ये काय येणार आहे?"

पलीकडची खुर्ची करकरली. मग आवाज आला, "मामा, लिस्ट तुमची आहे. तुम्ही सांगा, मी ऐकतो."

सांगितलं. तारखा. फक्त तारखा, दुसरं काही नाही. कंस उघडला, लिहिलं, बंद केला. रेघ गेली आणि पलीकडं टाइपिंग पुन्हा सुरू झालं.